पाचवं प्रकरण परत न्या

तुम्हा सगळ्यांच्या पीएच.डी. प्रबंधांची प्रकरणं वाचून झाली. सगळ्यांचीच परत करतेय. एखाद्याचं चुकलं असतं तर केबिनमध्ये बोलावून सांगितलं असतं. पण इथे अख्ख्या बॅचनं मिळून पाट्या टाकल्यात, तेव्हा ऐकायचंही सगळ्यांनी मिळूनच. मोबाइल पालथे ठेवा. वह्या काढू नका. आज लिहून घ्यायचं काही नाही, नुसतं कान उघडे ठेवून बसलात तरी पुष्कळ झालं.

कुणी सार्वजनिक आरोग्य घेतलंय, कुणी समाजकार्य, कुणी गुन्हेशास्त्र. एकाने कच्चे कैदी निवडले, एकीने सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बायका, कुणी निरीक्षणगृहातली मुलं, कुणी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची घरं. माणसं वेगळी, जिल्हे वेगळे, दुखणी वेगळी. शिफारशींचं पाचवं प्रकरण मात्र सगळ्यांचं एकच! ‘शासनाने जनजागृती करावी.’ ‘समुपदेशनाची सोय वाढवावी.’ ‘स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घ्यावा.’ ‘समाजाचा दृष्टिकोन बदलणे ही काळाची गरज आहे.’ अरे, मग जिल्ह्यात गेलात कशाला? एवढं लिहायला एस.टी.चं तिकीटसुद्धा काढावं लागत नाही. तुम्ही निष्कर्ष आधी ठरवलेत आणि मग त्यांना शोभतील अशी माणसं शोधत फिरलात. काही जण तर फिरलेही नाहीत.

हो, फिरलेही नाहीत. एकाच्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा मी मुद्दाम मागवून घेतला. सगळ्या एकाच निळ्या जेल पेनने भरलेल्या. बरोबरच्या खुणेची शेपटी पहिल्यापासून शेवटच्या कागदापर्यंत त्याच कोनात वळलेली. एक घडी नाही, एक डाग नाही. एका बाईंचं वय चोवीस आणि लग्नाला वर्षं एकोणीस. आणि शेवटी ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ म्हणून चार ओळी सोडलेल्या, त्या सगळ्याच्या सगळ्या कोऱ्या. गावात एकदा जरी बसला असतात ना, तर कळलं असतं की माणूस नेमका तिथेच बोलतो. तुमचा प्रश्न क्षयरोगाच्या गोळ्यांचा असतो आणि ती सांगते रेशनकार्डावरून नाव कमी झाल्याचं. खऱ्या प्रश्नावलीत खाडाखोड असते, मधला एखादा प्रश्न सुटलेला असतो, समासात तिरकं काहीतरी लिहिलेलं असतं. हा गठ्ठा वसतिगृहाच्या कॉटवर भरलाय, हे ओळखायला मला सॉफ्टवेअर लागत नाही.

तुम्हाला वाटत असेल, एवढ्याने कुणाचं काय बिघडलं? नेदरलँड्समध्ये टिलबर्ग विद्यापीठात डीडरिक स्टापेल नावाचे मोठे समाजमानसशास्त्रज्ञ होते. आकडे घरी बसून रचायचे आणि विद्यार्थ्यांच्या हातात तयार आकडे ठेवायचे. २०११ मध्ये पितळ उघडं पडलं आणि त्यांचे पन्नासहून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. ते पितळ उघडं पाडलं त्यांच्याच विभागातल्या तीन तरुण संशोधकांनी. हे मी मुद्दाम सांगतेय. कारण हा गठ्ठा कसा भरला, हे या खोलीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले. खोटा पंचनामा लिहिणारा हवालदार आणि खोटी प्रश्नावली भरणारा संशोधक यांच्यात गणवेशापलीकडे फरक काय, तो मला कुणीतरी समजावून सांगा. दोघांच्याही कागदावरून पुढे कुणाचं तरी नशीब ठरतं.

आता जे खरोखर गेले त्यांच्याकडे वळू. त्यांनी हुरळून जाऊ नये.

तुरुंगात मुलाखती घेतलेल्या प्रबंधाच्या परिशिष्टात संमतिपत्राची झेरॉक्स जोडलीय. वर संगणकावर टाइप केलेला परिच्छेद, खाली डाव्या अंगठ्याचा थोडा फाकलेला ठसा, त्याखाली ‘साक्षीदार’. आणि साक्षीदाराच्या रेघेवर सही कुणाची? कारागृह शिपायाची! ज्याच्या कमरेला बराकीची किल्ली, तोच साक्ष देतोय की हा माणूस स्वखुशीने बोलला. मुलाखत घेतली कुठे? अधिकाऱ्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर. विचारलं काय? ‘कारागृहातील भोजन व वैद्यकीय सेवा समाधानकारक आहेत काय?’ सगळे ‘होय’ म्हणाले. आणि तुम्ही चौथ्या प्रकरणात ठोकून दिलंत की सेवा समाधानकारक आहेत. त्या जागी ‘नाही’ म्हणणाऱ्याचं रात्री काय झालं असतं, हा विचार शिवला तरी का मनाला?

फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगाचं नाव संशोधनपद्धतीच्या पेपरात येतं, म्हणून पाठ केलं असेल. पेन्सिल्वेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ तिथल्या कैद्यांच्या अंगावर सौंदर्यप्रसाधनांपासून डायॉक्सिनपर्यंत नाना द्रव्यं तपासली. कैदी बहुतांश काळे आणि गरीब. थोडे डॉलर मिळायचे म्हणून पाठ पुढे करायचे. कागदावर सह्या त्यांच्याही होत्या! त्या विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी. वरातीमागून घोडं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कैद्यांना विशेष संरक्षणाची गरज असलेल्यांमध्ये धरलंय, हे तुम्ही दुसऱ्या प्रकरणात दोन पानं भरून उतरवलंत. उतरवलंत आणि तिसऱ्या प्रकरणात शिपायाची सही घेतलीत. आपलंच दुसरं प्रकरण वाचायला तुम्हाला बंदी होती का?

आता ज्यावर मला खरा संताप आला ते सांगते. त्याच प्रबंधात एक तक्ता आहे. तक्ता छान आखलाय. त्यातली तेविसावी ओळ अशी: वय १९, गुन्हा चोरी, पूर्वी शिक्षा नाही, दुसरा खटला नाही, कोठडीत १४ महिने, वकील कोण ते माहीत नाही. वाचलीत? कुणाला काही टोचलं? नाही ना? साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. बाकीच्यांना ही मर्यादा निम्म्याची; फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. तसा लेखी अर्ज न्यायालयाकडे करणं हे कारागृह अधीक्षकांचं काम. आणि जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही याचा लाभ द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलंय. तीन वर्षांचा तिसरा हिस्सा किती होतो? बारा महिने. पोरगा चौदा महिने आत आहे, आणि तुम्ही त्याच्यासमोर वही घेऊन बसला होतात.

तुम्ही काय केलंत? त्याचं शिक्षण आणि कोठडीचा काळ यांचा काय-स्क्वेअर काढलात. ‘सहसंबंध सार्थ आढळला नाही’ म्हणून खाली ओळ लिहिलीत आणि कायद्याच्या प्रकरणात अजून जुन्या संहितेचं कलम ४३६-अ तसंच ठेवलंत, कारण ज्या जुन्या प्रबंधावरून उचललंत त्यात तेच होतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नावाची एक गोष्ट असते. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांसाठी आढावा समिती असते. त्या मुलाला विचारून, त्याच्या परवानगीने, एक चिठ्ठी तिकडे पोचवायला किती वेळ लागला असता? ‘मॅडम, संशोधकाने तटस्थ राहायचं असतं ना?’ असं तोंडावर सांगू नका. मोजताना तटस्थ राहा. उत्तरं वाकवू नका, आपल्याला सोयीचं ते समोरच्याच्या तोंडी घालू नका, एवढाच तटस्थतेचा अर्थ. प्रश्नावलीवर नाव लिहायचं नाही, हे मी शिकवलं. समोरचा माणूस विसरायचा, हे कुणी शिकवलं? टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून गुन्हेगारी न्यायव्यवस्थेत अडकलेल्यांबरोबर काम करतोय आणि त्याच कामातून अभ्यासही लिहितोय. दोन्ही होतं. करायचं असलं की होतं.

भारतातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, हा आकडा तुमच्या प्रस्तावनेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे. त्या चार लाखांतला एक समोर बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पुढची मंडळी. निरीक्षणगृहातल्या मुलांसाठी समुपदेशनाचा कार्यक्रम राबवलात, शेवटी विचारलंत ‘उपयोग झाला का?’ आणि मुलांनी ‘हो’ म्हटल्यावर ‘कार्यक्रम परिणामकारक’ असा शिक्का मारून मोकळ्या झालात. औषध पाजायचं, ताप बघायचा नाही आणि रोग्याने ‘थँक्यू’ म्हटलं की बरा झाला म्हणून लिहायचं, असला हा वैद्यकीचा प्रकार आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ मध्ये केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास सुरू झाला. हार्वर्डचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांची ती कल्पना. पोरं वाया जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला एक समुपदेशक द्यायचा. त्याने घरी जायचं, शिकवणी बघायची, दवाखाना बघायचा, उन्हाळी शिबिराला पाठवायचं. कॅबट नुसते भले गृहस्थ नव्हते, शहाणेही होते. त्यांनी ५०६ मुलगे घेतले, सारख्याला सारखा शोधून जोड्या लावल्या आणि जोडीतल्या कुणाला मदत द्यायची ते नाणं उडवून ठरवलं. दुसऱ्याला काही नाही. कार्यक्रम साधारण पाच वर्षं चालला. पुढे जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांचा माग काढला आणि १९७८ मध्ये तीस वर्षांनंतरचा हिशेब छापला. मदत मिळालेल्यांतले दोनतृतीयांश लोक सांगत होते की आम्हाला फार उपयोग झाला. आणि नोंदी काय सांगत होत्या? ज्यांना मदत मिळाली त्यांच्यात दुसऱ्यांदा गुन्हा करण्याचं प्रमाण अधिक, दारूच्या व्यसनाची लक्षणं अधिक, मानसिक आजार अधिक, आणि मृत्यू लवकर. मदत न मिळालेले त्यांच्या मानाने बरे निघाले!

असं का झालं, यावर अजून वाद घालता येतो. उन्हाळी शिबिरात वात्रट पोरं एकत्र आली आणि एकमेकांकडून शिकली, असा एक तर्क आहे. माझा मुद्दा त्याआधीचा आहे. नाणं उडवून दुसरा गट ठेवला नसता, आणि मॅककॉर्डबाईंनी नेटाने जुनी दप्तरं धुंडाळली नसती, तर हा कार्यक्रम आजही पुरस्कार घेत हिंडला असता. मुलांचे आभार खरे होते, समुपदेशकांचा जिव्हाळा खरा होता, आणि तरी नुकसान झालं. आपल्या क्षेत्रातला सगळ्यात मोठा धोका हाच. लबाड माणसाला कुणीतरी पकडतं. भल्या माणसाला कुणी तपासतच नाही. ‘आमचा हेतू चांगला आहे’ या चार शब्दांखाली तुम्ही जेवढा आळस लपवलाय, तेवढा दुसऱ्या कुठल्या खात्यात खपला नसता.

आणि ‘इथे तुलनेसाठी गट कुठून आणायचा’ असली रड नको. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला, तेव्हा तुलनेला ४७ गावं ठेवली. दोन्हीकडचे जन्म-मृत्यू नोंदवले. म्हणून १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्यावर जगाला तो मानावा लागला, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे तो हिशेब आहे. त्यांना काय रस्ते गुळगुळीत होते? नक्षली भाग, पावसाळ्यात तुटणारी गावं. तुमची तक्रार काय, तर तालुक्याला लॉज नाही.

सरकारी रुग्णालयातल्या बायकांवर लिहिणारीनेही गडचिरोलीच वाचावं. तुम्ही बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना विचारलंत आणि ‘ग्रामीण स्त्रियांमध्ये’ म्हणून निष्कर्ष काढलात. जी रांगेत आली तिच्याकडे गाडीभाडं होतं, घरून परवानगी होती, आणि दुखणं लपवण्यापलीकडे गेलं होतं. जी आली नाही ती कुठे गेली? राणी बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९८९ च्या जानेवारीत आला. दोन गावं, ६५० स्त्रिया, ज्या तक्रार घेऊन आल्या त्याही आणि ज्यांनी काहीच तक्रार केली नाही त्याही. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. दवाखान्यात बसून हा आकडा जन्मात सापडला नसता. नमुना निवडणं म्हणजे सोयीची माणसं गाठणं नाही, हे पहिल्या सत्रात घोकून घेतलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

सरकारी आकड्यांबद्दल तर काय बोलावं! राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा तक्ता आला की तुम्ही वेदवाक्य असल्यासारखा चिकटवता. त्याच्या सुरुवातीची नियमांची पानं उलटायचे कष्ट कुणीही घेतलेले नाहीत. एका प्रथम खबरीत चार गुन्हे असले तर मोजणीत फक्त सगळ्यात गंभीर गुन्हा धरला जातो. बलात्कार करून खून केला तर तो आकडेवारीत खून. मग ‘जिल्ह्यात बलात्काराचे प्रमाण कमी’ हे तुम्ही कोणत्या तोंडाने लिहिता? तुरुंगातल्या मृत्यूंचंही तेच. २०२२ मध्ये देशभरात १,९९५ कैदी मेले, त्यांतले १,७७३ ‘नैसर्गिक’. तुमच्यातल्या एकाने लगेच लिहून टाकलं की बहुतांश मृत्यू नैसर्गिक असल्याने चिंतेचे कारण नाही. ‘नैसर्गिक’ या खान्यात आजाराने झालेले मृत्यू येतात, राजे! दुप्पट माणसं कोंबलेल्या बराकीत क्षयरोग जडून मेलेला पंचविशीतला पोरगाही त्याच खान्यात आणि ऐंशीचा म्हाताराही त्याच. विद्यापीठातल्या माणसाचं काम त्या खान्याचं झाकण उघडायचं. तुम्ही त्यावर बसलात.

शेतकरी आत्महत्यांवर लिहिणाऱ्याने तहसील कचेरीतून ‘पात्र’ प्रकरणांची यादी आणली आणि तिलाच सगळं जग मानलं. पात्र-अपात्र ठरतं कशावरून? सातबारा, कर्ज, थकबाकी. जिच्या नावावर सातबारा नाही, पण जिचं सगळं आयुष्य कोरडवाहू रानात वाकून गेलं, ती कागदावर गृहिणी. बटईने कसणारा आणि सावकाराकडून तोंडी कर्ज काढणारा, त्याच्याजवळ दाखवायला कागदच नाही. ‘अपात्र’ घरांत तुम्ही गेला असतात तर प्रबंध तिथे सुरू झाला असता. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा संस्थेने याच विषयावर अहवाल दिला होता. तुमच्या ग्रंथसूचीत त्याचं नाव आहे आणि मजकुरात त्याची सावलीसुद्धा नाही.

आणि हे काय लिहिलंय? ‘पारधी समाजात गुन्हेगारीची प्रवृत्ती आढळते.’ हे कुणाच्या पेनातून उतरलं ते मी नाव घेऊन विचारणार नाही, पण ज्याने लिहिलं त्याला शरम वाटली पाहिजे. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो रद्द झाला १९५२ मध्ये. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या माणसांची वसाहत होती. एवढं होऊन तुम्ही पोलीस ठाण्यातल्या अटकेच्या नोंदी घेता आणि त्यावरून जमातीची ‘प्रवृत्ती’ काढता. पोलीस ज्याला सारखा उचलतात त्याचं नाव नोंदीत सारखं दिसणारच. नोंदवहीत उचलणाऱ्याची सवय दिसते, हे गुन्हेशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. जातीवरून कामं वाटणारे आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे नियमावल्यांमधले नियम घटनाबाह्य ठरवले. तो खटला कुणामुळे उभा राहिला? सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकाराने राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्या वाचल्या, सुटून आलेल्यांशी बोलल्या, २०२० मध्ये लेख लिहिला आणि पुढे न्यायालयात गेल्या. त्या नियमावल्या काही गुप्त नव्हत्या. आपल्या ग्रंथालयात आणवता आल्या असत्या. देशात गुन्हेशास्त्राचे इतके विभाग, इतके मार्गदर्शक, इतके पीएच.डी. आणि हे वाचायला एक बातमीदार लागली. यात तुमच्याबरोबर आम्ही प्राध्यापकही आलो, हे मला कळतं. पण म्हणून तुमची सुटका नाही.

उचलेगिरीवर फार वेळ घालवणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून तुम्ही नऊ टक्क्यांवर आणून ठेवलंत. वाक्यं फिरवलीत, ‘महत्त्वाचे’ होतं तिथे ‘मोलाचे’ केलंत. सॉफ्टवेअर फसलं, मी फसले नाही. आणि पैसे भरून आठ दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे दाखले माझ्यासमोर नाचवू नका. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आयोगाच्या यादीतली, विद्यापीठांनीच सुचवलेली हजारावर नियतकालिकं तपासली तेव्हा ८८ टक्के निकृष्ट निघाली. विद्यापीठांनीच सुचवलेली! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता तुमची बाजू. फेलोशिप महिनोन्‌महिने थकते, खरं आहे. तुरुंगाची परवानगी मिळता मिळता वर्ष सरतं, खरं आहे. वसतिगृहाला पाणी नाही, घरून ‘नोकरी कधी’ म्हणून फोन येतात, तेही मला माहीत आहे. फेलोशिपसाठी कुलसचिवांच्या दारात बसायचं असेल तर मला सांगा, मी पुढे बसेन. पण विधिमंडळाच्या २०२३ च्या नागपूर अधिवेशनात ‘पीएच.डी. करून काय दिवे लावणार’ अशा अर्थाचं विचारलं गेलं तेव्हा तुम्ही किती चिडला होतात! फलक घेऊन उभे राहिलात. चिडणं रास्त होतं. मग उत्तर द्या ना. हा निळ्या पेनचा गठ्ठा त्या उत्तराच्या जागी ठेवू का मी?

उत्तर कसं देतात ते बघा. बिहारच्या समाजकल्याण विभागाने टाटा संस्थेच्या ‘कोशिश’ गटाला राज्यातल्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण सांगितलं. हेही सरकारी काम, हीही परवानगीवर चालणारी गोष्ट. रजिस्टर बघून, चहा घेऊन, ‘व्यवस्था समाधानकारक’ लिहून परत येता आलं असतं. तुम्ही आलाच असतात. ते शंभरावर संस्थांत गेले आणि आतल्या मुलामुलींशी बोलले. एप्रिल २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यात मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाचं नाव लिहून लैंगिक अत्याचाराची नोंद होती. मे महिन्याच्या अखेरीस गुन्हा दाखल झाला. मग वैद्यकीय तपासणी, मग सीबीआय. खटला दिल्लीला गेला, आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने संस्थाचालकासह एकोणीस जणांना दोषी ठरवलं. त्या अहवालात ‘जनजागृती करावी’ एवढंच लिहिलं असतं, तर त्या मुली तिथेच राहिल्या असत्या. आरोग्य, समाजसेवा आणि न्याय या तिन्ही खात्यांचं काम एका कागदात आलं, कारण लिहिणाऱ्याने जागेचं नाव लिहिलं.

तेव्हा आता नीट ऐका. पाचवी प्रकरणं आजच परत न्या आणि फाडून टाका. निळ्या पेनवाल्याने पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करायची. मुदतवाढीच्या अर्जावर मी सही करेन, त्या गठ्ठ्यावर करणार नाही. संमतिपत्र आधी आपल्या विभागाच्या शिपाईमामांना वाचून दाखवायचं आणि त्यातून काय समजलं ते त्यांच्या तोंडून ऐकायचं; त्यांना कळलं नाही तर नव्याने लिहायचं. साक्षीदार म्हणून पहारेकरी, वॉर्डबॉय, अधीक्षक, सरपंच यांतला कुणीही चालणार नाही. निरीक्षणगृहवालीने तुलनेचा गट कसा ठेवणार ते एका पानात लिहून आणायचं, आणि रुग्णालयवालीने रांगेत न आलेल्या बायकांपर्यंत कशी पोचणार ते. आत्महत्यावाल्याने ‘अपात्र’ घरांची यादी मागायची. मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, दहा रुपये लागतात. प्रत्येक शिफारशीपुढे लिहायचं की हे कुणी करायचं, कोणत्या कलमाने, कोणत्या पैशातून. ज्या ओळीपुढे हे लिहिता येणार नाही ती ओळ खोडायची. आणि प्रबंध बाइंडिंगला जाण्याआधी त्यातलं चार पानी मराठी टिपण, ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्या वस्तीत, वॉर्डात, बराकीत पोचलं पाहिजे. तशी पोच माझ्या टेबलावर आल्याशिवाय मी व्हायवाची तारीख मागणार नाही.

आणि तक्त्यातली तेविसावी ओळ लिहिणाऱ्याने इथे बसून राहू नये. उद्या सकाळी अकराला विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय उघडतं. तुरुंगात जाऊन आधी त्या मुलाची परवानगी काढायची असेल तर आजच अर्ज टाका. तो मुलगा आत राहिला आणि तुमचा प्रबंध मंजूर झाला, असं माझ्या सहीने होणार नाही. उठा आता.